कोर्टाची फसवणूक नाही, अशिलाचा विश्वासघातही नाही: कौटुंबिक आणि दिवाणी बॅरिस्टरसाठी व्यवसायनीती

बॅरिस्टर हा शब्द मराठीत जुन्या पुढाऱ्यांच्या नावाआधीचे बिरुद म्हणून उरला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो आजही रोजचा व्यवसाय आहे. सॉलिसिटर प्रकरण चालवतात, पत्रव्यवहार करतात, अशिलाचे पैसे सांभाळतात. बॅरिस्टर सल्ला देतात, मसुदे लिहितात आणि कोर्टात उभे राहतात. त्यांच्यावर बार स्टँडर्ड्स बोर्डाची देखरेख असते आणि जानेवारी २०१४ पासून बोर्डाचे हँडबुक त्यांना बांधते. हा लेख प्युपिलेजच्या (बॅरिस्टरच्या उमेदवारीच्या) दुसऱ्या सहामाहीत, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहून कोर्टात जायला लागलेल्यांसाठी आणि पहिल्या काही वर्षांतल्या वकिलांसाठी आहे. तो कौटुंबिक आणि दिवाणी कामापुरता आहे. फौजदारीतले प्रश्न वेगळे असतात.

आधी मूळ पेच समजून घ्या

हँडबुकमध्ये दहा मूलभूत कर्तव्ये आहेत. पहिले कोर्टाप्रती, दुसरे अशिलाच्या हिताचे, तिसरे प्रामाणिकपणा आणि सचोटीचे, चौथे स्वतंत्र राहण्याचे, सहावे गोपनीयतेचे. पहिल्याची इतर कुठल्याही कर्तव्याशी टक्कर झाली तर पहिले वरचढ. इथवर सगळ्यांना पाठ असते. निसटतो तो आरसी ५ हा छोटा नियम: कोर्टाप्रती असलेले कर्तव्य पाळण्यासाठी अशिलाची गोपनीयता मोडण्याची गरज नाही.

हे दोन नियम एकत्र वाचले की वाट दिसते. अशील खोटे सांगतो आहे हे कळले म्हणून न्यायाधीशांकडे जाऊन ते सांगायचे नाही, आणि ते खोटे आपल्या तोंडून पुढेही न्यायचे नाही. मग उरतात दोनच मार्ग. खरे उघड करायला अशिलाची परवानगी मिळवा. ती मिळाली नाही तर कारण न सांगता प्रकरणातून बाजूला व्हा. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच दोन मार्गांकडे वेळेत पोहोचण्यासाठी आहेत, कारण सुनावणीच्या दिवशी सकाळी साडेनऊला हा निर्णय घ्यावा लागला तर दोन्ही मार्ग महागात पडतात.

इथे कळणे आणि वाटणे यांतला फरक पक्का करून ठेवा. अशिलाची हकीकत तुम्हाला पटत नाही, समोरच्याचा पुरावा जड आहे, उद्या न्यायाधीश त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत असे दिसते: याला कळणे म्हणत नाहीत. अशा वेळी त्याची बाजू मांडणे तुमचे कामच आहे, कारण निवाडा करायला तिथे न्यायाधीश आहेत. अशिलाने स्वतः कबूल केले, किंवा दुसरा अर्थच निघू नये असा कागद तुमच्या हातात आला, तर ते कळणे. पण नियम फक्त जाणूनबुजून केलेल्या दिशाभुलीपुरता नाही, बेपर्वाईने केलेली दिशाभूलही त्यात येते. संशयाचे ठोस कारण असताना मुद्दाम प्रश्न न विचारता ‘मला काही माहीत नव्हते’ म्हणता येत नाही.

ब्रीफ घेण्याआधी

चेंबर्सच्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयाच्या, क्लार्ककडून ब्रीफसाठी (प्रकरणाच्या कामासाठी) नाव आले की हितसंबंधांची तपासणी फक्त अशिलाच्या नावावर थांबवू नका. कौटुंबिक प्रकरणात निदान इतकी नावे तपासा: दोन्ही जोडीदारांची सध्याची आणि लग्नाआधीची आडनावे, नवा जोडीदार, मुलांचा ताबा मागणारे आजी-आजोबा, कुटुंबाच्या कंपन्या आणि ट्रस्ट. दिवाणी दाव्यात कंपनीचे संचालक, विमा कंपनी आणि तज्ज्ञ साक्षीदार. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कंपनीला दिलेला सल्ला आज बायकोच्या आर्थिक अर्जात आडवा येतो, कारण त्या वेळी मिळालेली गोपनीय माहिती आज उपयोगी पडू शकते आणि जुन्या अशिलाच्या संमतीशिवाय ती वापरता येत नाही. ती माहिती डोक्यातून पुसता येत नसल्यामुळे ब्रीफ नाकारणे हाच उपाय. एकाच चेंबर्समधले दोन बॅरिस्टर समोरासमोर उभे राहू शकतात, कारण प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक आहे; पण कागद, संगणकावरच्या फाइली आणि क्लार्कांचे काम वेगवेगळे ठेवावे लागते. अशिलाला ते आधीच समजावून सांगितलेले बरे. कोर्टाच्या आवारात आपला आणि समोरचा वकील एकत्र चहा घेताना दिसले की विश्वास उडतो.

मग येतो कॅब-रँक नियम, आरसी २९. सॉलिसिटरकडून आलेले, तुमच्या क्षमतेतले, योग्य फीचे आणि वेळापत्रकात बसणारे काम अशील कोण आहे, त्याच्यावर काय आरोप आहेत किंवा तुम्हाला तो कसा वाटतो यावरून नाकारता येत नाही. कौटुंबिक कामात याची खरी कसोटी लागते. पत्नीला मारहाण केल्याचा आरोप असलेला नवरा, मुलाला इजा केल्याचा संशय असलेली आई, यांनाही वकील मिळाला पाहिजे, आणि तो तुम्ही असू शकता. नाकारायला खरी कारणे आहेत: हितसंबंधांचा संघर्ष, त्या विषयाचा पुरेसा अनुभव नसणे, तारखा न जुळणे, फी न ठरणे, दाव्याची जोखीम तुमच्या विम्यापलीकडे जाणे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला बार म्युच्युअल या बॅरिस्टरांच्या विमा संस्थेचे किमान ५,००,००० पौंडांचे संरक्षण लागते. मोठ्या मालमत्तेच्या किंवा पेन्शनच्या प्रकरणात ही रक्कम पुरेल का, हे ब्रीफ घेण्याआधी पाहा.

पब्लिक ॲक्सेसने, म्हणजे सॉलिसिटरशिवाय थेट आलेल्या अशिलाला कॅब-रँक लागू होत नाही. तरीही प्रकरण किंवा त्याची मते तुम्हाला आक्षेपार्ह वाटतात म्हणून त्याला नकार देता येत नाही. तो वेगळा नियम सगळ्यांनाच लागू आहे. थेट अशिलाचे काम घेण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. त्याला लीगल एड (सरकारी कायदेशीर मदत) मिळू शकते का, हे विचारून त्याच्या कानावर घालावे लागते, आणि प्रकरणाची नोंद निदान ७ वर्षे जपावी लागते. त्याचे पैसे मात्र स्वतःकडे ठेवायचे नाहीत. ‘तडजोडीची रक्कम आठवडाभर तुमच्या खात्यात राहू द्या’ ही विनंती कितीही भाबडी असली तरी उत्तर नाहीच.

काम घेतल्यावर लगेच लेखी कळवा: कोणते काम, कोणत्या अटींवर, किती फीला, आणि तक्रार कुठे करायची. तक्रारीची माहिती तोंडी सांगून भागत नाही. चेंबर्सने ८ आठवड्यांत तक्रार सोडवली नाही किंवा उत्तर पटले नाही तर अशील लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेकडे) जाऊ शकतो, हेही त्यात हवे.

पहिल्या भेटीत नियम आधी, हकीकत नंतर

बरेच नवे वकील अशिलाला बोलू देतात आणि अडचण आल्यावर नियम सांगतात. क्रम उलटा ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत साध्या शब्दांत सांगा: “तुम्ही मला सांगाल ते माझ्याजवळ राहील. पण मला जे खोटे आहे हे ठाऊक आहे, ते मी कोर्टाला सांगू शकत नाही. एखादा कागद द्यायलाच हवा असेल आणि तुम्ही तो दिला नाहीत, तर मला तुमचे काम सोडावे लागेल.” या तीन वाक्यांनी पुढचे निम्मे पेच टळतात. पुढे कधी काम सोडायची वेळ आली तर अशिलाला तो विश्वासघात वाटत नाही, कारण त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असते.

भेटीत कोण बसले आहे ते पाहा. आई, भाऊ, नवा जोडीदार धीर द्यायला येतात, पण तिसरी व्यक्ती समोर असली की बोलणे गोपनीय होते का, यावर वाद होऊ शकतो. शिवाय ही माणसे उद्या साक्षीदार असू शकतात. निदान काही वेळ अशिलाशी एकट्याशी बोला. घरगुती दबावाचा संशय असेल तर हे टाळता येणारच नाही, कारण सूचना अशिलाच्याच आहेत याची खात्री तुम्हाला हवी. दुभाषा लागत असेल तर नातेवाइकाला दुभाषा करू नका. पैसे वडील देत असले तरी सूचना मुलीच्याच घ्या.

प्रत्येक भेटीची त्याच दिवशी टिपणे करा: तारीख, वेळ, कोण हजर होते, काय सल्ला दिला, अशिलाने काय ठरवले. सल्ला न मानता अशील वेगळा निर्णय घेत असेल तर त्याची सही घ्या. बॅरिस्टरच्या कोर्टातल्या कामातल्या निष्काळजीपणावर दावा होऊ शकत नाही हे जुने कवच हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये हॉल विरुद्ध सायमन्स प्रकरणात काढून घेतले. तिथे एकत्र ऐकलेल्या दाव्यांत घटस्फोटानंतरच्या आर्थिक तडजोडीचेही दावे होते. म्हणून कौटुंबिक वकिलाच्या टिपणवहीला खरी किंमत आहे.

लपवलेली आणि उचललेली कागदपत्रे

व्यवसायनीतीचे सगळ्यात कठीण प्रश्न इथेच येतात, म्हणून थोडे थांबू.

घटस्फोटाच्या आर्थिक प्रकरणात दोन्ही पक्षांना आपली सगळी मालमत्ता, कर्ज आणि उत्पन्न पूर्णपणे, स्वतःहून उघड करावे लागते. कोर्टाने मंजूर केलेली तडजोडही याच माहितीवर उभी असते. लिव्हसी विरुद्ध जेन्किन्स या १९८५ च्या निकालाने ते ठाम केले. माहिती फॉर्म ई या विवरणपत्रात येते आणि नेहमीच्या प्रक्रियेत तो पहिल्या तारखेच्या निदान ३५ दिवस आधी परस्परांना द्यावा लागतो. खोटा फॉर्म ई म्हणजे वर्षांनंतरही तडजोड उलटण्याचा धोका. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये शार्लंड आणि गोहिल या दोन निकालांत हे दाखवून दिले.

आता प्रसंग असा. सुनावणीच्या चार दिवस आधी अशील म्हणतो, “दुबईत एक खाते आहे, पण ते फॉर्ममध्ये नाही.” काय करायचे?

पहिले, त्याच क्षणी रागावून किंवा घाबरून निर्णय घेऊ नका. खाते कोणाचे, किती रक्कम, केव्हा उघडले, फॉर्मवर सही झाली तेव्हा ते होते का, हे विचारा. कधी ते मुलांसाठीच्या ट्रस्टचे असते आणि अशिलाला वाटते ते ‘आपले’ नाही. दुसरे, सॉलिसिटरला लगेच कळवा. तिसरे, अशिलाला लेखी सल्ला द्या: उघड करावेच लागेल, केले नाही तर तडजोड उलटेल, खर्च बसेल, न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकेल, आणि आत्ता स्वतःहून सांगितले तर नुकसान खूप कमी होईल. शेवटचा भाग बहुतेक अशिलांच्या गळी उतरतो. शिक्षेच्या भीतीपेक्षा वाचण्याची वाट अधिक पटते. चौथे, मुदत द्या, उदाहरणार्थ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पाचवे, तो तयार झाला तर दुरुस्त विवरण सगळ्यांना एकाच वेळी पाठवा. तयार झाला नाही तर काम सोडा.

काम सोडताना चूक होते ती शब्दांची. ‘अशिलाने माहिती दडवल्यामुळे’ असे लिहिले तर गोपनीयता मोडली. ‘अशील आजारी आहे’ असे लिहिले तर कोर्टाची दिशाभूल झाली. फक्त एवढे लिहा: व्यावसायिक कारणांमुळे मी या प्रकरणात पुढे काम करू शकत नाही. न्यायाधीशांनी जास्त विचारले तरी नम्रपणे तेच उत्तर द्या. अनुभवी न्यायाधीश सहसा पुढे विचारत नाहीत.

दिवाणी दाव्यातही हेच. उघड करायलाच हवा असा ईमेल अशिलाकडे आहे आणि तो द्यायचा नाही असे त्याने ठरवले, तर तुम्ही पुढे काम करू शकत नाही. पण तो ईमेल आहे हे कोर्टाला सांगण्याचा अधिकारही तुम्हाला नाही.

उलट दिशेचा प्रश्न तितकाच येतो. बायको नवऱ्याच्या लॅपटॉपमधून बँकेचे कागद छापून आणते. जुन्या काळी ही कागदपत्रे वापरली जात आणि मूळ प्रती परत केल्या की भागे. अपील कोर्टाने २०१० मध्ये चेंगीझ विरुद्ध इमर्मन प्रकरणात ही पद्धत मोडीत काढली. नवरा-बायको असले तरी प्रत्येकाची गोपनीयता स्वतंत्र आहे आणि समोरचा लपवेल या भीतीने स्वतःच कागद उचलण्याची मुभा नाही. म्हणून अशिलाने अशी पिशवी टेबलावर ठेवली की वाचू नका, छायाप्रती काढू नका, ईमेलवर मागवू नका. सॉलिसिटर असेल तर त्याच्याकडे द्या; पब्लिक ॲक्सेसमध्ये तो आधार नसतो, म्हणून त्याच दिवशी बार कौन्सिलच्या नीतिविषयक चौकशी सेवेला फोन करा. अशिलाला सांगा की आणखी काही उघडू नये, पासवर्ड वापरू नये. मग कायदेशीर साधने वापरा: प्रश्नावली, विशिष्ट कागदांची मागणी, मालमत्ता गोठवण्याचा अर्ज. अशिलाला हे संथ वाटते, पण उचललेल्या कागदांवर उभे केलेले प्रकरण बहुतेक वेळा त्याच्याच खर्चावर कोसळते.

समोरच्या सॉलिसिटरने चुकून त्यांचे प्रिव्हिलेज (वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला मिळणारे गोपनीयतेचे संरक्षण) असलेले पत्र पाठवले तर? चूक ध्यानात येताच वाचणे थांबवा आणि कळवा. दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३१.२० प्रमाणे चुकून पाहायला दिलेला असा कागद कोर्टाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. ‘थोडे आधीच वाचून झाले’ असे असेल तर किती वाचले तेही प्रामाणिकपणे सांगा.

पैशाच्या स्रोताबद्दल एक जास्तीची गोष्ट. कौटुंबिक प्रकरणात करचुकवेगिरी समोर येतेच. अपील कोर्टाने बोमन विरुद्ध फेल्स (२००५) मध्ये ठरवले की दावा चालवणे आणि त्या ओघात तडजोड करणे हे मनी लाँडरिंगच्या कलम ३२८ खालील ‘व्यवस्था’ ठरत नाही. हे संरक्षण दाव्यापुरते आहे, दाव्याबाहेर मालमत्ता फिरवण्याच्या सल्ल्याला नाही. आणि करचुकवेगिरी कोर्टासमोर आली की न्यायाधीश स्वतः करखात्याला कळवू शकतात, हे अशिलाला आधीच सांगा.

मसुदा लिहिताना

आरसी ९ प्रमाणे अशिलाच्या सूचनेत नसलेले तथ्य, मांडता न येणारा मुद्दा किंवा पायाच नसलेला फसवणुकीचा आरोप मसुद्यात घालता येत नाही. फसवणूक म्हणायला दोन गोष्टी लागतात: स्पष्ट सूचना, आणि प्रथमदर्शनी आरोप टिकेल असा विश्वासार्ह आधार. हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००२ मध्ये मेडकाफ विरुद्ध मार्डेल प्रकरणात सांगितले की तो आधार कोर्टात दाखल करता येण्याजोगाच असला पाहिजे असे नाही. पण तो असायला हवा. नुसता संताप पुरत नाही.

साक्षीदाराचे निवेदन साक्षीदाराच्याच शब्दांत ठेवा. तुमचे कायदेशीर शब्द घातले की उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला पाणी कुठे मुरते ते दिसते: “‘जबरी नियंत्रण’ म्हणजे काय हो?” आणि साक्षीदार गप्प. मुलांच्या प्रकरणात घरगुती हिंसाचाराचे आरोप लिहिताना आणखी जपा. अपील कोर्टाने २०२१ मध्ये, री एच-एन प्रकरणात, घटनांची तक्त्यात मांडलेली यादी वागण्याचा सततचा साचा झाकून टाकते याकडे लक्ष वेधले. अशिलाची अडचण नीट मांडायची असेल तर साचा आधी सांगा आणि घटना त्याचे दाखले म्हणून द्या.

संदर्भ निकाल स्वतः उघडून वाचा. जून २०२५ मध्ये लंडनच्या डिव्हिजनल कोर्टाने दोन प्रकरणांत एकत्र निकाल दिला. एकात, हॅरिंगेच्या प्रकरणात, बॅरिस्टरने लिहिलेल्या मसुद्यातले पाच निकाल अस्तित्वातच नव्हते. दुसऱ्यात दिलेल्या ४५ संदर्भांपैकी १८ खोटे निघाले, आणि तिथे सॉलिसिटरने अशिलाने स्वतः केलेल्या शोधावर विसंबून ते पुढे दिले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचवलेला, अशिलाने पाठवलेला किंवा जुन्या मसुद्यातून उचललेला प्रत्येक संदर्भ नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत अहवालात उघडून पाहा, परिच्छेदाचा क्रमांक जुळवा, आणि मगच सही करा. तुमच्या विरोधात जाणारा बंधनकारक निकालही कोर्टापुढे ठेवावा लागतो. तो समोरच्याने शोधला नसला तरी.

एकतर्फी अर्ज

समोरचा पक्ष नसताना मागितलेला मनाई हुकूम, मालमत्ता गोठवणे, किंवा फॅमिली लॉ ॲक्ट १९९६ खालील संरक्षणाचा आदेश: इथे तुम्हीच समोरच्याची बाजूही सांगायची असते. ब्रिंक्स मॅट विरुद्ध एल्कोम (१९८८) पासून तत्त्व स्पष्ट आहे. महत्त्वाची गोष्ट दडवली तर आदेश रद्द होऊ शकतो, मूळ मागणी रास्त असली तरी.

चूक बहुतेक वेळा दडवण्यातून होत नाही, गाडून टाकण्यातून होते. विरोधी ईमेल ३५० पानांच्या पुरवणीत पान २१२ वर आहे आणि युक्तिवादात त्याचा उल्लेख नाही. लेखी युक्तिवादात ‘समोरच्याचे संभाव्य म्हणणे’ असा स्वतंत्र भाग करा आणि तोंडीही तो वाचा. दोघांची पूर्वीची प्रकरणे, पोलिसांनी सोडून दिलेल्या तक्रारी, अशिलाचे स्वतःचे आक्षेपार्ह मेसेज, सगळे त्यात हवे. सुनावणीची टिपणे करून आदेशासोबत समोरच्याला द्या.

साक्षीदार

साक्षीदाराला कोर्टाची ओळख करून देता येते: कुठे उभे राहायचे, शपथ कशी, कोण कोण प्रश्न विचारणार, निवेदन नीट वाचून यावे. त्याच्या खटल्यातले प्रश्न घेऊन उत्तरे घोटून घेता येत नाहीत. ‘तू असे म्हणालास तर बरे’ हे वाक्य तोंडातून जाऊ नये.

साक्ष सुरू झाली की अशिलाशीही प्रकरणाबद्दल बोलता येत नाही, समोरच्या वकिलाची किंवा कोर्टाची परवानगी नसेल तर. जेवणाच्या सुट्टीत अशील एकटा पडतो आणि चिडतो, म्हणून साक्षीआधी सांगा: “सुट्टीत मी तुमच्याशी बोलणार नाही. मी रुसलेलो नाही, नियम आहे.” दूरस्थ सुनावणीत साक्षीदाराचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावा.

कोर्टाच्या दारात

लीगल एडमधून बहुतेक खाजगी कौटुंबिक प्रकरणे एप्रिल २०१३ पासून बाहेर गेली. त्यामुळे समोर वकील नसलेला पक्ष भेटणे आता नेहमीचे. त्याला भेटताना स्वतःची ओळख द्या, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात ते सांगा, तुम्ही त्याला सल्ला देऊ शकत नाही हेही सांगा, आणि प्रस्ताव लेखी द्या. कोर्टाची प्रक्रिया सांगणे चालते. ‘न्यायाधीश हे कधीच मान्य करणार नाहीत, आत्ताच सही करा’ हे चालत नाही: माणूस घाबरलेला आहे आणि तुमच्याकडे गाऊन नसला तरी तुमच्या आवाजात अधिकार आहे. त्याच वेळी त्याच्या चुकीच्या मुद्द्यांना उत्तर देणे किंवा अशिलासाठी ठाम राहणे यात गैर काही नाही. गाठभेट शक्यतो एकट्याने नको. सॉलिसिटर किंवा सहकारी सोबत असावा.

तडजोड झाली की अशिलाला प्रत्येक अट वाचून दाखवा, त्याच्या सहीचा कागद स्वतःकडे ठेवा आणि मगच कोर्टाला सांगा. दिवसभराच्या वाटाघाटीनंतर संध्याकाळी थकलेला माणूस ‘बरं, चालेल’ म्हणतो आणि रात्री पस्तावतो. खर्चाचा भार, पेन्शन, आणि पोटगी कधी थांबेल, हे तीन मुद्दे पुन्हा विचारा. आर्थिक प्रकरणातल्या एफडीआर भेटीत (न्यायाधीशांसमोरच्या तडजोडीच्या भेटीत) दिलेले प्रस्ताव नंतर अंतिम सुनावणीत उच्चारता येत नाहीत आणि ती भेट घेणारे न्यायाधीश पुढचे प्रकरण ऐकत नाहीत. भेट निष्फळ झाली तर नेहमीच्या क्रमात २१ दिवसांत दोघांनीही खुला प्रस्ताव द्यायचा असतो. बंद भेटीतला आकडा त्या खुल्या पत्रात ‘तुम्ही आधी कबूल केले होते’ म्हणून डोकावू देऊ नका.

मुलांच्या प्रकरणांतले वेगळे नियम

इथे मुलाचे हित सर्वोच्च असते आणि प्रिव्हिलेजचे नेहमीचे गणित बदलते. मुलाच्या देखभालीच्या प्रकरणात कोर्टाच्या परवानगीने मागवलेला तज्ज्ञाचा अहवाल अशिलाच्या विरोधात गेला म्हणून दडवता येत नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सने री एल (१९९६) मध्ये हे ठरवले. अशील आणि वकील यांच्यातले सल्ल्याचे बोलणे मात्र सुरक्षितच राहते. म्हणून तज्ज्ञाची मागणी करण्याआधी अशिलाला लेखी सांगा की उत्तर काहीही आले तरी ते सगळ्यांसमोर येईल.

चिल्ड्रेन ॲक्ट १९८९ च्या कलम ९८ मुळे देखभालीच्या प्रकरणात स्वतःला गोवणारे उत्तर देणे टाळता येत नाही. ती उत्तरे देणाऱ्याविरुद्धच्या फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरण्यावर मर्यादा आहेत, पण पोलिसांना कागद मिळण्यावर तितक्या नाहीत. समांतर पोलीस तपास असेल तर फौजदारी वकिलाशी बोलल्याशिवाय निवेदनाचा मसुदा पक्का करू नका.

बंद दाराआड चाललेल्या प्रकरणातला मजकूर बाहेर सांगणे न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. समाजमाध्यमांवर नाव न घेता लिहिलेली ‘आजची सुनावणी’सुद्धा मुलाची ओळख उघड करू शकते: गाव, मुलांची संख्या, तारीख, एवढे पुरते.

उभे असताना

उलटतपासणीत फक्त अपमान करण्यासाठी प्रश्न विचारू नका. साक्षीदारावर गंभीर आरोप करायचा असेल तर तो त्याच्यासमोर मांडून उत्तराची संधी द्या. शेवटच्या भाषणात तो पहिल्यांदा काढता येत नाही. डोमेस्टिक ॲब्युज ॲक्ट २०२१ मुळे, २१ जुलै २०२२ पासून सुरू झालेल्या कौटुंबिक प्रकरणांत, ठरावीक परिस्थितीत आरोपित जोडीदाराला स्वतः उलटतपासणी घेता येत नाही. कोर्ट त्यासाठी वकील नेमू शकते. तुम्ही तसे नेमले गेलात तर लक्षात ठेवा: तुम्ही उलटतपासणी घेता, पण त्या पक्षाचे नेहमीच्या अर्थाने वकील नसता. हे त्याला पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर तो सगळ्या प्रकरणाचा सल्ला मागू लागेल.

स्वतःच्या चुकीने कोर्टाला खोटी माहिती गेली असेल तर ती कळताच दुरुस्त करा. ‘मी सकाळी सांगितलेली तारीख चुकीची होती’ हे वाक्य अवघड नाही. चुकीवर गप्प राहणे मात्र सचोटीच्या कर्तव्याचा भंग ठरते. कोर्टाचा वेळ आणि समोरच्याचा पैसा वाया घालवणाऱ्या वागण्यासाठी वकिलावरच खर्चाचा आदेश होऊ शकतो. रिडेहाल्घ विरुद्ध हॉर्सफील्ड (१९९४) ची तिहेरी कसोटी अजूनही तीच आहे: वागणे अनुचित, अवाजवी किंवा निष्काळजी होते का, त्यामुळे अनावश्यक खर्च झाला का, आणि आदेश देणे न्याय्य आहे का.

निकालानंतर

निकालाचा मसुदा आधी मिळाला तर तो कोणाला दाखवता येतो हे त्यावरच लिहिलेले असते. त्यापलीकडे पाठवू नका. कारणांत उणीव दिसली तर अपिलासाठी ती राखून ठेवण्याचा मोह टाळा. इंग्लिश विरुद्ध एमरी राइमबोल्ड (२००२) नंतर अपेक्षा आहे की वकिलाने त्याच न्यायाधीशांकडे कारणे मागावीत. आदेशावर शिक्का बसण्याआधी न्यायाधीशांना मत बदलता येते हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये मान्य केले आहे, पण हा हरलेला युक्तिवाद पुन्हा मांडण्याचा मार्ग नाही.

आदेशाचा मसुदा बहुतेक वेळा बॅरिस्टरच करतात. न्यायाधीशांनी म्हटले तेवढेच त्यात लिहा. समोर वकील नसेल तर त्याला मसुदा पाठवून वाचायला निदान एक दिवस द्या, आणि शंका असेल तिथे तुमचे टिपण आणि त्याचे म्हणणे दोन्ही न्यायाधीशांकडे पाठवा.

दुसऱ्या बॅरिस्टरचे गंभीर गैरवर्तन दिसले तर ते बोर्डाला कळवण्याचे कर्तव्य आहे; स्वतःचेही. मात्र माहिती प्रिव्हिलेजखाली आली असेल तर हे कर्तव्य लागू होत नाही, आणि समोरच्याला ‘तडजोड कर, नाहीतर तक्रार करतो’ असे कधीही म्हणायचे नाही. शंका असेल तर आधी चेंबर्समधल्या ज्येष्ठाशी, नाव न घेता, बोला, त्या बोलण्याची टिपणे करा, आणि मग फोन उचला.